रिकामी भोकं

माझी भाची तेव्हा आठवीत होती. २०२३ च्या संक्रांतीला आम्ही सगळे कराडच्या घरी जमलो होतो आणि मी जिन्याखाली मांडी घालून पाण्याच्या मोटरचं काम करत बसलो होतो. काम म्हणजे काय, तर खालच्या हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत आपोआप चढावं आणि टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी. आईला दिवसातून दोनदा जिन्याखाली वाकून बटण दाबावं लागतं आणि मग टाकी वाहायला लागली की धावावं लागतं, ते वाचावं हा हेतू. हातात नोडएमसीयू नावाचा छोटा बोर्ड होता. बोटभर रुंद, दोन-अडीच बोटं लांब. त्यात वायफाय असतं, त्यामुळे पुण्यात बसून मला कराडची टाकी किती भरली ते मोबाइलवर दिसणार होतं. (ते पाहून मी काय करणार होतो हे आमच्या सौ. नी विचारलं होतं. असो.)

भाची शेजारी बसून प्रत्येक गोष्टीचं नाव विचारत होती. हे काय? चिप. हे? यूएसबीचं सॉकेट. हे? रीसेटचं बटण. मग तिने बोर्डाच्या चार कोपऱ्यांवर एकेक करून बोट ठेवलं आणि म्हणाली, "मामा, ही चार भोकं कशाला आहेत?"

मी म्हणालो, "काही नाही गं, ती अशीच असतात. रिकामी."

आता हे उत्तर आठवलं की कानशिलं गरम होतात. कारण मला माहीत नव्हतं असं नाही. स्क्रूसाठी आहेत हे कुणालाही दिसतं. पण गेली बारा-पंधरा वर्षं मी या बोर्डांशी खेळतोय, आणि त्या चार भोकांत मी कधीही, एकदाही, स्क्रू घातला नव्हता. माझ्यापुरती ती खरंच 'अशीच' होती. दाराच्या चौकटीवरच्या नक्षीसारखी.

तर मी काय केलं, फोमच्या दुहेरी चिकटपट्टीचा एक तुकडा कापला आणि बोर्ड पत्र्याच्या स्विचबॉक्सच्या आतल्या भिंतीला चिकटवून टाकला. पिना न लावलेला बोर्ड मिळाला होता म्हणून तारा थेट भोकांत घालून डाखल्या होत्या. खाली रिलेचं मॉड्यूल, त्याच्यावर मोटरची २३० व्होल्टची जोडणी. झाकण लावलं, हात झटकले. मोटर चालू झाली, बंद झाली. आईने तिळगुळाची जास्तीची वडी दिली. चार महिने सगळं छान चाललं.

मे महिन्यात आई-बाबा एका लग्नाला कोल्हापूरला गेले होते. संध्याकाळी परत आले तर गच्चीवरून पाणी वाहून अंगणात चिखल झालेला, हौद कोरडा ठाक आणि जिन्याखाली जळका वास. मोटर कोरडीच फिरत राहून जळली होती. बाबांचा फोन आला, "तुझ्या यंत्राने काहीतरी केलंय. मेन स्विच पाडलाय मी. तू ये."

दुसऱ्या दिवशी गेलो, झाकण उघडलं, आणि सगळं समोरच लिहिलेलं होतं. जिन्याखालच्या त्या पत्र्याच्या पेटीत उन्हाळ्यात किती गरम होत असेल याचा विचार मी संक्रांतीच्या थंडीत केला नव्हता. चिकटपट्टी मऊ होऊन सुटली होती आणि बोर्ड स्वतःच्याच तारांवर लोंबकळत होता. लोंबकळताना तो एका बोल्टच्या डोक्यावर टेकला होता. नोडएमसीयूवर ग्राउंडची पिन आणि डी-५ ही पिन शेजारी शेजारी असतात, दोन्हींत अंतर फक्त अडीच मिलिमीटर. मी रिलेची तार नेमकी डी-५ ला दिली होती. बोल्टचं डोकं या दोन डाखांच्या बरोबर मध्ये. आणि बाजारात मिळणारी बहुतेक रिले मॉड्यूलं अशी असतात की त्यांच्या तारेला ग्राउंड लागलं की रिले चालू. म्हणजे माझा प्रोग्रॅम बिचारा 'बंद कर, बंद कर' म्हणत असणार आणि एक बोल्ट त्याला गप्प बसवून मोटर चालवत होता.

मोटर गेली तिचं दुःख नाही. रिवाइंडिंग करून मिळाली. पण मी बराच वेळ तिथेच उकिडवा बसून राहिलो, ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. बोर्ड लोंबकळत होता त्याच्या खाली साधारण चार बोटांवर रिलेचे उघडे स्क्रू होते, २३० व्होल्टचे. आणि बोर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून निघालेल्या तीन तारा कुठे जात होत्या? गच्चीवरच्या टाकीत. पाण्यात. पाण्याची पातळी कळावी म्हणून मी स्टीलच्या तीन सळ्या टाकीत सोडल्या होत्या. बोर्ड आणखी चार बोटं घसरला असता तर... आई त्याच टाकीच्या नळाखाली भांडी घासते. घर जुनं, तेव्हा त्यात गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ब्रेकरही नव्हता. (आता बसवलाय. ज्यांच्या घरी नाही त्यांनी हा लेख इथेच सोडून आधी इलेक्ट्रिशियनला फोन केला तरी मला वाईट वाटणार नाही.)

बाबा मागे उभे होते. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली. मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय हे त्यांना मी तीनदा समजावलंय आणि तीनदा ते "बरं" म्हणालेत. त्यांनी बोर्ड हातात घेतला, चष्मा वर केला. चिपकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्याच्या भोकातून आरपार माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू हे चिकटवलं होतंस?"

"हो."

"अरे, चार भोकं दिली होती की त्यांनी."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी या भोकांच्या मागे लागलो. घरातले सगळे बोर्ड, पंधरा-वीस तरी असतील, टेबलावर मांडले आणि पहिल्यांदाच चिपा सोडून भोकं बघायला लागलो. आणि मला असं वाटायला लागलं, जे आज लिहायचं होतं ते हेच, की आपण, म्हणजे हौसेने इलेक्ट्रॉनिक्स करणारे, शिकवणारे आणि शिकणारे, बोर्डाचा अर्धाच भाग वाचतो. ज्याच्यातून वीज वाहते तो. उरलेला अर्धा 'रिकामा' म्हणून सोडून देतो. बनवणाऱ्याने मात्र तिथे काहीतरी म्हणून ठेवलेलं असतं.

आर्डुइनोचं उदाहरण घ्या. इटलीतल्या इव्रेआ गावच्या डिझाइनच्या संस्थेत २००५ मध्ये हा बोर्ड जन्माला आला, विद्यार्थ्यांसाठी. त्याच्या आधीच्या दुएमिलानोव्हे या बोर्डाला स्क्रूची तीन भोकं होती. २०१० मध्ये ऊनो आला त्याला चार झाली. पण ही चार भोकं जोडून आयत काढायला जाल तर निघत नाही. एका बाजूच्या दोन भोकांत सव्वा इंचही अंतर नाही, दुसऱ्या बाजूच्या दोघांत जवळजवळ दोन इंच. सॉकेटं, पिनांच्या रांगा सगळं मांडून झाल्यावर जिथे जागा उरली तिथे भोक पाडलं असावं असं दिसतं. त्यातलं एक भोक तर पिनांच्या रांगेला इतकं खेटून आहे की एम ३ चा साधा स्क्रू घातला तर त्याचं डोकं काळ्या प्लास्टिकवर चढतं. नायलॉनचा बारीक डोक्याचा स्क्रू घ्या, नाहीतर डोक्याची एक बाजू कानशीने घासा. जगभरात लाखोंनी खपलेल्या बोर्डाची ही गत. त्याच बोर्डावर ७ आणि ८ नंबरच्या पिनांमधलं अंतरही विचित्र आहे, इतर सगळीकडे १०० मिल म्हणजे इंचाचा दहावा भाग, तिथे १६० मिल. डिझाइनमधली ती चूक होती, पण तोवर त्यावर बसणारे बोर्ड, ज्यांना शील्ड म्हणतात, ते बाहेर पडले होते. चूक सुधारली असती तर ते सगळे निकामी झाले असते. म्हणून चूकच नियम झाली. आमच्या जुन्या घराच्या एका पायरीची उंची बाकीच्यांपेक्षा कमी आहे, घरातला कुणी तिथे अडखळत नाही, पाहुणे अडखळतात. तसंच.

रास्पबेरी पायची गोष्ट मला जास्त आवडली. तो मायक्रोकंट्रोलर नव्हे, अख्खा संगणकच, पण भोकांच्या बाबतीत सगळे भाऊबंदच. २०१२ मध्ये पहिला पाय आला तेव्हा त्याला स्क्रूचं एकही भोक नव्हतं. एकही! लोकांनी रबरबँड, लेगोच्या विटा, पुठ्ठ्याचे डबे, काय काय वापरलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुधारित बोर्ड आला, त्यात दोन भोकं. ती का दिली? तुमच्या-माझ्या सोयीसाठी नाही. कारखान्यात बोर्ड तपासणाऱ्या यंत्रावर तो नीट बसावा म्हणून. लोकांनी अर्थातच लगेच त्यात स्क्रू घातले. मग २०१४ मध्ये बी प्लस आला, त्याला चार कोपऱ्यांना चार भोकं, नीट आयतात, ५८ बाय ४९ मिलिमीटर. लोक हा बोर्ड टेबलावर ठेवून खेळणार नाहीत, कुठेतरी बसवणार आहेत, हे बनवणाऱ्यांना पटलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

पण सगळीच रिकामी भोकं स्क्रूसाठी नसतात, आणि सगळी भरायचीही नसतात. माझी खरी करमणूक इथून पुढे झाली.

ऊनोच्या तिसऱ्या आवृत्तीवर यूएसबीच्या सॉकेटपाशी चार बारीक भोकांचा एक चौकोन आहे, दोन बाय दोन. त्यात काहीच लावलेलं नसतं. ऊनोवर मोठ्या चिपखेरीज एक छोटी चिप असते, संगणकाशी बोलणारी. तिच्या न वापरलेल्या चार पिना तिथे बाहेर काढून ठेवल्यात. हवं त्याने वापरावं. हजारातला एखादा वापरत असेल. तरी दिल्यात. घराला नंतर मजला चढवायचा झाला तर असू दे म्हणून गच्चीवर सळ्या ठेवतात ना, त्या जातीचं.

आमच्या ऑफिसात एसटी कंपनीचे न्यूक्लिओ बोर्ड वापरतात. (बाबांची एस.टी. नव्हे.) त्या ६४ पिनांच्या न्यूक्लिओवर एका क्रिस्टलची जागा आखलेली असते, शेजारी दोन कपॅसिटरांच्या जागा, आणि सगळ्या रिकाम्या. नवीन मुलं हमखास विचारतात की सर, आपल्याला खराब बोर्ड आलाय का, याच्यावर पार्ट लावायचे राहिलेत. राहिलेले नसतात. मूळ चिपला लागणारा ८ मेगाहर्ट्झचा ठोका वरच्या प्रोग्रॅमर-भागाकडून येत असतो, त्यामुळे स्वतःचं क्रिस्टल लागत नाही. पण तो वरचा भाग तोडून वेगळा करता येतो, तशी खाचच दिलेली आहे. तोडलात की ठोकाही गेला. मग त्या रिकाम्या जागेवर तुमचं क्रिस्टल लावा, किंवा चिपच्या आतल्या कमी नेमक्या ठोक्यावर भागवा. म्हणजे ती रिकामी जागा म्हणजे वेगळं बिऱ्हाड केल्यावर लागणाऱ्या चुलीची जागा. हे कळल्यावर मला त्या अनोळखी डिझायनरबद्दल फार प्रेम वाटलं.

२०२१ मध्ये आलेला पिको बघा. २१ बाय ५१ मिलिमीटर, कोपऱ्यांत २.१ मिलिमीटरची चार भोकं, एम २ च्या स्क्रूसाठी. शिवाय दोन्ही लांब कडांना प्रत्येक पिनेपाशी अर्धं कापलेलं भोक. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की कापताना चुकले. ती अर्धी भोकं तांब्याने मढवलेली असतात, त्यामुळे अख्खा पिको एखाद्या चिपसारखा दुसऱ्या मोठ्या बोर्डावर सपाट ठेवून डाखता येतो. स्क्रूही नको, पिनाही नकोत. आणि पालथा केलात तर खाली सहा गोल ठिपके, टीपी १ ते टीपी ६. ती तपासणीची ठिकाणं. कारखान्यातल्या यंत्राच्या सुया तिथे टेकतात. त्यातला सहावा म्हणजे बूटचं बटण. पिको कुठे आत बसवला आणि बटणापर्यंत बोट पोचत नसेल तर तिथून तार काढता येते.

आणि सगळ्यात शहाणं भोक मला सापडलं ते रिलेच्या मॉड्यूलवर. चांगल्या मॉड्यूलांवर रिलेखाली एक लांबट फट कापलेली असते. मी ती वर्षानुवर्षं पाहत आलोय आणि मला वाटायचं की वजन कमी करायला असेल! एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट. बोर्डावर धूळ बसते, पावसाळ्यात ओल धरते, आणि त्या ओल्या धुळीवरून वीज सरपटत पलीकडे जाऊ शकते. मध्ये फट असली की तिला सरपटायला वाटच उरत नाही. म्हणजे ते भोक रिकामं राहणं हेच त्याचं काम. मी एकदा अशाच फटीतून तारा ओवून त्या 'नीट' बांधल्या होत्या. लिहिताना हात थरथरतोय, पण लिहितो.

बरं, आता स्क्रूच्या भोकांकडे परत. स्क्रू घालणं यात काय मोठंसं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. बाबांच्या समोर बसून चार स्क्रू घालायला मला एक अख्खा रविवार लागला.

पहिली गोष्ट म्हणजे बोर्ड पत्र्याला थेट कसता येत नाही, खाली डाखांची टोकं असतात. मध्ये उंची द्यायला स्पेसर लागतात. तपकीर गल्लीत मिळतात, पितळेचेही आणि नायलॉनचेही, आणि इतके स्वस्त की आजवर घेतले नाहीत याचीच लाज वाटावी. दुसरी गोष्ट, भोकाभोवती काही बोर्डांवर तांब्याचं कडं असतं. ते कडं कधी ग्राउंडला जोडलेलं असतं, कधी नुसतंच असतं. पत्र्याच्या पेटीत धातूचा स्क्रू घातला आणि कडं ग्राउंडला जोडलेलं असलं, तर पेटी आणि बोर्डाचं ग्राउंड एक झालं. कुठे ते हवं असतं, कुठे अजिबात नको असतं. मल्टिमीटरची पिपाणी वाजवून बघायचं, मिनिटाचं काम. तिसरी गोष्ट बाबांनी दाखवली. बोर्डावरचा रंग म्हणजे इन्सुलेशन नव्हे. स्क्रू कसताना डोकं गरगर फिरतं, रंग खरवडला जातो आणि खालून एखादी तांब्याची वाट जात असली तर तिला टेकतं. म्हणून खाली नायलॉनचा वॉशर. नोडएमसीयूची दोन भोकं अँटेनाच्या अगदी जवळ आहेत, तिथे धातू नको म्हणून स्क्रू आणि स्पेसर दोन्ही नायलॉनचे घेतले. वायफायच्या लहरींना जवळ धातू आला की त्या दबतात. तसंही पत्र्याच्या पेटीत वायफाय कोंडूनच होतं, म्हणून या वेळी पेटीच प्लास्टिकची घेतली.

आणि चौथी गोष्ट म्हणजे किती कसायचं. मी पाना घेऊन जोर लावायला लागलो तर बाबांनी हातावर चापट मारली. बोर्ड काचेच्या धाग्यांचा आणि रेझिनचा, जेमतेम १.६ मिलिमीटर जाडीचा. चार स्पेसर एका पातळीत नसतील आणि तुम्ही कसत गेलात, तर बोर्ड वाकतो. बोर्ड वाकला की त्यावरचे सिरॅमिकचे इवलेसे कपॅसिटर तडकतात, आणि ती तडक डोळ्यांना दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी बोर्ड मरतो आणि आपण म्हणतो, चायनाचा माल. बाबांची पद्धत अशी की आधी चारही स्क्रू नुसते धरवायचे, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. हे त्यांना कुणी पीसीबीबद्दल शिकवलं नव्हतं.

इथे माझा एक मित्र (तो हे वाचणारच आहे) म्हणेल की अरे बाबा, नावातच 'डेव्हलपमेंट बोर्ड' आहे. तो टेबलावर प्रयोग करायला आहे. जिन्याखाली कायमचं बसवायचं असेल तर स्वतःचा पीसीबी बनवून घे. मला हे निम्मं पटतं. कारखान्यातल्या यंत्रात कुणी नोडएमसीयू बसवत असेल तर त्याला मीच ओरडेन. पण आपल्याकडे खरं काय घडतं? शेतातल्या मोटरवर, सोसायटीच्या टाकीवर, पोल्ट्रीच्या पंख्यांवर, शाळेच्या घंटेवर हेच बोर्ड बसतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. 'तात्पुरतं' या शब्दाइतकं टिकाऊ आपल्याकडे काही नाही. आणि बनवणाऱ्यांना ते टेबलावरच राहावेत असं वाटत असतं तर त्यांनी भोकं पाडलीच नसती. भोकाला जागा लागते, त्याच्या आजूबाजूला तांब्याच्या वाटा नेता येत नाहीत. एवढ्याशा बोर्डावर कुणी उगाच चार कोपरे सोडत नाही.

भोकं मुळीच नसलेलेही बोर्ड आहेत. 'ब्लू पिल' म्हणून निळा बोर्ड मिळतो, त्याला नाहीत. ईएसपी ३२ च्या बोर्डांत ३० पिनांच्या नेहमीच्या बोर्डाला कोपऱ्यांत भोकं असतात, ३८ पिनांच्या बहुतेकांना नसतात. मी आता दुकानात आधी तेच बघतो. पिना आठ कमी चालतील. दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाईक येडं आहे.

माझी खरी तक्रार बोर्डांबद्दल नाही. आपल्या शिकवण्याबद्दल आहे, आणि त्यात मी स्वतः येतो, कारण मी दोन-तीन ठिकाणी हौसेने कार्यशाळा घेतल्यात. आम्ही काय शिकवतो? कोड लिहा, तार जोडा, एलईडी लागला, टाळ्या. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट मी पाहिलेत. थर्मोकोलच्या तुकड्यावर बोर्ड, त्याला टाचण्या, तारांचा गुंता, आणि परीक्षक येईपर्यंत कुणी श्वास घ्यायचा नाही. प्रात्यक्षिक झालं की सगळं उपटून पुढच्या बॅचला. घट्ट बसवणं हा 'वायरमनचा भाग' आहे अशी आपली समजूत आहे. डोक्याचं काम वेगळं आणि पान्याचं काम वेगळं, आणि पहिलं करणाऱ्याने दुसऱ्याला हात लावायचा नाही. मला वाटतं त्या भोकांत स्क्रू न घालण्याचं खरं कारण आळस नाही, हेच आहे. मी इंजिनिअर. बाबा मेकॅनिक. बोर्डाचा जो अर्धा भाग त्यांच्या विद्येचा होता, तो मला बारा वर्षं दिसलाच नाही.

अजून एक कारण आहे, ते कबूल करायला जरा जड जातं. स्क्रू घातला की झालं असं म्हणावं लागतं. चिकटपट्टी लावली की मनात राहतं, अजून बदल करायचेत, पुढच्या खेपेला बघू. माझ्या घरी असे 'पुढच्या खेपेचे' अकरा प्रोजेक्ट बुटांच्या खोक्यांत आहेत. त्यातल्या एकाही बोर्डाच्या भोकात स्क्रू नाही.

कराडची नवी पेटी जून २०२३ मध्ये बसवली. सळ्या काढून टाकल्या, त्यांच्या जागी तरंगणारा स्विच. २३० व्होल्टचा भाग वेगळ्या डब्यात. नोडएमसीयू चार नायलॉनच्या स्पेसरांवर. बाबांनी काम झाल्यावर दोन बोटांनी बोर्ड धरून हलवून बघितला. नंतर दर वेळी आम्ही गेलो की मला कळू न देता झाकण काढून ते तसं हलवून बघतात, असं आईने फोडलं. पहिल्या पेटीवर त्यांचा जो विश्वास होता तो परत यायला बहुधा आणखी काही उन्हाळे जातील.

भाचीला मी फोन करून सांगितलं की मी तुला चुकीचं उत्तर दिलं होतं. तिला तो प्रश्न आठवतही नव्हता. पण पुढच्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने ऊनोवर झाडांना पाणी घालायचं यंत्र केलं, तेव्हा बोर्ड प्लायवूडवर स्पेसर लावून बसवला. तीनच स्क्रू. चौथं भोक, ते पिनांना खेटलेलं, तिने मोकळं ठेवलं, आणि तक्त्यावर बाण काढून सुंदर अक्षरात लिहिलं की इथे स्क्रू घातला तर त्याचे डोके पिनांच्या पट्टीला लागते म्हणून घातलेला नाही.

परीक्षकांनी त्याबद्दल काही विचारलं नाही म्हणे. पंप चालू होतो का तेवढं बघितलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.